चौथ्या पट्ट्यातली छिद्रे

१

एकोणीसशे शहाण्णव सालची ही गोष्ट. त्याच वर्षी रस्ते खात्याने रंगाचे डबे आणि ब्रश मोडीत काढले आणि रस्त्यावर पांढरा माल वितळवून ओतायला सुरुवात केली. पोत्यातली भुकटी भट्टीत रटरटवायची, दाट खळीसारखी झाली की तळाला फट असलेल्या लोखंडी पेटीत घ्यायची आणि पेटी रस्त्यावरून ओढत न्यायची. मागे पांढरा पट्टा उमटत जाई. तो गरम असतानाच त्यावर बारीक काचमणी भुरभुरायचे, म्हणजे गाडीच्या दिव्यात पट्टा चमकतो. दहा मिनिटांत तो असा घट्ट बसे की रस्त्याबरोबरच जन्मला असे वाटावे.

थंडीतल्या एका सोमवारी, उजाडता उजाडता, मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर एक नर्स दूधगाडीखाली सापडली. सकाळपाळीला निघाली होती. गाडीवाला पळून गेला नाही. त्याने तिला स्वतः उचलून आत नेले, पण तासाभरात ती गेली. पोलिसांनी नऊ वाजता जागा पाहिली. फाटकासमोर रस्ता ओलांडायचे सात पांढरे पट्टे होते आणि ती चौथ्या-पाचव्या पट्ट्याच्या मध्ये पडली होती असे साऱ्यांनी बोट दाखवून सांगितले. पायी चालणाऱ्यांच्या हक्काच्या जागेवर माणूस चिरडला होता. गाडीवाल्याला कोठडीत घातले.

त्याने जबाब दिला तो असा: "मी पट्ट्यांपाशी गाडी हळू केली होती. तिथे कोणी नव्हतं. बाई नंतर आल्या."

बाई पट्ट्यांवरच मेली आणि हा म्हणतो पट्ट्यांवर कोणी नव्हते! बातमी वाचून लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

गुरुवारी खात्याच्या साहेबांनी प्रयोगशाळेतल्या बाईला बोलावले. सगळे तिला तपासबाई म्हणत. रस्त्यावर पडणारा प्रत्येक माल आधी तिच्या टेबलावर येई.

"शनिवारी कोर्टात तारीख आहे," साहेब म्हणाले. "त्याचा वकील म्हणेल पट्टे दिसतच नव्हते. तुम्ही फक्त पट्टे कसे चमकतात ते लिहून द्या. बाकी पोलीस बघून घेतील."

"आणि चमकत असले तर?"

"तर त्याची सात-आठ वर्षं गेली. दोन लेकरं आहेत म्हणे. पण ते आपलं काम नाही, बाई."

पट्टे कुणी मारले ते विचारायची गरज नव्हती. खात्यात एकच टोळी होती आणि तिचा मुकादम होता तिचा सख्खा थोरला भाऊ. रेघ इतकी सरळ मारायचा की लोक त्याला ओळंबा म्हणत. त्यांचे बाबाही रस्त्यावर रंगाने रेघाच मारत. बाबा अचानक गेले तेव्हा दादाने सोळाव्या वर्षी शाळा सोडून ब्रश हातात घेतला, धाकटीच्या हाती परीक्षानळी यावी म्हणून. हे ती विसरली नव्हती आणि वहिनी तिला विसरू देत नव्हती.

दादाचा पट्टा चमकणारच. अर्ध्या तासाचे काम, असे म्हणत ती निघाली.

२

फाटकासमोर ती गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या पट्ट्यावरून बोट फिरवले. बोट स्वच्छ निघाले. तिला आधी कौतुक वाटले, मग खटकले.

नोंदवहीत हे पट्टे मागच्या बुधवारचे होते, म्हणजे आठ दिवसांचे. त्याच बुधवारी बाजाररस्त्यावर मारलेले पट्टे ती येताना पाहून आली होती. तिथे चाके जातात त्या जागी करडे डाग पडले होते. इथले पट्टे आताच धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखे होते.

आणि चौथ्या पट्ट्यात छिद्रे होती. टाचणीच्या टोकाएवढी, दाट, देवीच्या व्रणांसारखी. पाचव्या पट्ट्याच्या अर्ध्यापर्यंत ती पसरली होती. बाकीचे पट्टे आरशासारखे नितळ.

अशी छिद्रे एकाच कारणाने पडतात. रस्ता ओला असताना उकळता माल ओतला की खालच्या पाण्याची वाफ होते आणि माल फोडून वर येते. पण मग सातही पट्ट्यांत पडायला हवीत. शिवाय बुधवारी लख्ख ऊन होते. दीडच पट्ट्याखाली पाणी कुठून आले?

फाटकाशी झाडलोट करणारी म्हातारी तिच्याकडे टक लावून पाहत होती.

"मावशी, इथे पाणी सांडलं होतं का हो?"

"सांडलं कसलं? मीच ओतलं. सहा बादल्या." म्हातारीने झाडूने चौथा पट्टा दाखवला. "पोरीचं रक्त कुणी धुवायचं मग? वरून पाऊस आला काय, का वाऱ्याने जाणारेत डाग?"

"सोमवारी सकाळी?"

"मग काय रविवारी? मरायच्या आधी धुईन होय मी?"

तपासबाईने आवाज खाली आणला. "तुम्ही पाणी ओतलं तेव्हा खाली पांढरं होतं का काळं?"

म्हातारीचा झाडू थांबला. तिने मागे पाहिले. दवाखान्याच्या पायरीवर मेट्रन येऊन उभी राहिली होती.

"मला दिसत नाही नीट," म्हातारी म्हणाली आणि झाडू उचलून चालू लागली.

मेट्रनने तपासबाईला आपल्या खोलीत नेले. बाई उंच, कडक, रडून डोळे सुजलेले.

"पट्टे होते," न विचारताच ती म्हणाली. "लिहून घ्या. बुधवारपासून होते. त्या नराधमाने माझ्या मुलीला पट्ट्यांवर मारलं."

"तुमची मुलगी?"

"माझ्या हाताखाली शिकलेली. माझीच. तीन इंजेक्शनं द्यायला थरथरायची ती पोर अख्खा वॉर्ड सांभाळायला लागली होती." तिने टेबलावर मूठ आपटली. "या फाटकासमोर पट्टे मारा म्हणून दोन वर्षं तुमच्या खात्याला अर्ज केले मी. दोन वर्षं! जुनं फाटक बुजवलं त्या दिवसापासून. आता आलात चमक बघायला."

मुठीखाली एक कागद दाबला गेला होता. मेट्रनच्याच रेखीव अक्षरात, सहीसकट तयार. 'दवाखान्याच्या नव्या फाटकासमोर पट्टे मारण्याबाबत पुन्हा विनंती.' वर तारीख होती अपघाताच्या आदल्या दिवसाची, रविवारची.

पट्टे बुधवारी आले असतील तर रविवारी ही बाई ते मागत का होती?

३

कोठडीतला अंमलदार ओळखीचा होता. त्याने पाच मिनिटे दिली.

दूधगाडीवाला तिशीचा असेल. शर्टाच्या बाह्यांवर तपकिरी डाग तसेच होते, कारण घरून दुसरा शर्ट घेऊन कुणी आले नव्हते.

"तुम्ही सरकारच्या ना?" तो म्हणाला. "मग लिहा जे लिहायचं ते. सगळे लिहूनच बसलेत."

"मला फक्त एक सांगा. पट्ट्यांपाशी गाडी हळू केली म्हणालात. किती हळू?"

"माणूस चालतो तेवढी. नवेच पट्टे होते, चमकत होते. पूर्वी पुसट होते तिथे. म्हटलं सरकारने एवढे झकास पट्टे मारलेत, कुणी ना कुणी ओलांडत असेल. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग गिअर टाकला."

"आणि त्या?"

"पुढे आल्या. झाडामागून निघाल्या, शाल डोक्यावरून. मी ब्रेकवर उभाच राहिलो." त्याने दोन्ही पंजे समोर धरले आणि त्यांच्याकडे परक्याची वस्तू पाहावी तसे पाहिले. "साहेब लोक म्हणतात पट्ट्यांवर मारलीस. मी म्हणतो पट्टे मागे राहिले होते. ते म्हणतात खोटं बोलतोस. माझी बायको पण तेच म्हणते आता."

"किती मागे राहिले होते?"

"वळण घेतलं ना मी मध्ये," तो म्हणाला.

अंमलदाराने दारावर काठी वाजवली. वेळ संपली होती.

४

तपासबाई छिन्नी आणि हातोडी घेऊन परत फाटकापाशी आली. मेट्रनने वरून खिडकी लावून घेतल्याचे तिला दिसले.

दूधगाडीच्या चाकांचे दोन काळे ओरखडे रस्त्यावर स्पष्ट होते. जोरात ब्रेक मारला की रबर घासून उरते ते. ओरखडे चौथ्या-पाचव्या पट्ट्यांच्या अलीकडच्या टोकापर्यंत येत आणि थांबत. पट्ट्यांवर काही नाही. मग पलीकडच्या टोकानंतर वीतभर पुन्हा काळे. गाडी दोन पट्टे उडी मारून गेली असेल तरच असे व्हायचे.

तिने चौथ्या पट्ट्याचा तळहाताएवढा तुकडा उचकटला आणि उलटा केला.

पाठीवर रबराचा जाड काळा ओरखडा होता. उकळत्या मालाने रस्त्यावरचा डाग आपल्या पोटाला चिकटवून घेतला होता.

चाक पट्ट्याच्या वरून जाते, खालून नाही. आधी ब्रेक लागला, मग नर्स पडली, मग म्हातारीने सहा बादल्या ओतल्या आणि मग त्या ओल्या जागेवर कुणीतरी पट्टे मारले. सकाळी सहा ते नऊच्या मध्ये, पोलीस जागा पाहायला येण्याआधी.

तो तुकडा पदराखाली घेऊन ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. खरे सांगायचे तर तिला थोडा आनंद झाला होता. हे साहेबांचे काम असणार. नकाशा त्यांचा, सही त्यांची, जबाबदारी त्यांची. टोळीला हुकूम सोडला असेल आणि दादाने निमूट पाळला असेल.

"हे तुम्ही करायला लावलंत," तिने तुकडा टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो पाहिला, ऐकून घेतले आणि चष्मा काढला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण पकडलेल्या माणसाचा नव्हता.

"बाई, हे शक्य नाही. बुधवारी पट्टे मारताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"काय?"

"दुपारी बाराला. दवाखान्याच्या रस्त्याने जीपमधून जात होतो. वळणाअलीकडे आपली गाडी उभी, भट्टीचा धूर, ओळंबा वाकून पेटी ओढतोय. मला पाहून त्याने हातसुद्धा केला. तीन-चार पट्टे झालेले होते. ड्रायव्हरला विचारा. आणि मी हुकूम कशाला सोडू? पट्टे नसते तर मी टोळीचा मुकादम बडतर्फ करून मोकळा झालो असतो. माझ्या नकाशात जागा बरोबर दाखवली आहे."

त्यांनी नकाशाची प्रत पुढे सरकवली. नव्या फाटकासमोर तांबड्या शाईत सात रेघा होत्या.

पट्टे बुधवारी मारले होते, हे खरे. पट्टे सोमवारी अपघातानंतर मारले होते, हेही खरे.

५

या कोड्याने ती घरी जायच्याऐवजी पुन्हा त्याच रस्त्याला लागली. यावेळी मात्र गाडीवाला आला होता त्या बाजूने, पायी.

रस्ता दवाखान्याच्या भिंतीला धरून जातो. वळणाअलीकडे भिंतीत विटांचे एक ठिगळ होते, बाकी भिंतीपेक्षा नवे. जुने फाटक. दोन वर्षांपूर्वी बुजवून पुढे वळणापलीकडे नवे काढले होते. इथून नवे फाटक दिसत नाही, मध्ये झाडे आहेत.

जुन्या फाटकासमोर रस्ता जास्तच काळा होता. कुणीतरी डांबर फासले होते. खड्डा बुजवताना फासतात तसे ओबडधोबड नाही, तर नेटके, चौकोनी, रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिने चपलेच्या टाचेने एका ठिकाणी घासले. मग खाली बसून छिन्नी लावली.

डांबराखालून पांढरा चमचमता माल निघाला.

तिने मोजले. सात.

मग ती जुन्या भिंतीला टेकून बसली. कोडे सुटले होते आणि सुटले नसते तर बरे, असे तिला वाटत होते.

टोळीची एक रीत होती. नकाशा कागदावर असतो, पण रस्त्यावर जुन्या पट्ट्याची पुसट खूण असतेच. नवा पट्टा त्या खुणेवर मारायचा. खूण पावसापाण्यात टिकली म्हणजे जागा बरोबर. कागद साहेबलोकांसाठी. बुधवारी टोळी इथे आली, जुन्या फाटकासमोरची खूण दिसली आणि तिच्यावर सात पट्टे ओतून लोक जेवायला गेले. जिथे फाटकच उरले नव्हते अशा जागी.

सोमवारी उजाडता उजाडता दूधगाडी आली. गाडीवाल्याला नवे चमकते पट्टे दिसले, त्याने वेग उतरवला, इकडेतिकडे पाहिले. भिंतीसमोर कोण रस्ता ओलांडणार? मग निर्धास्त होऊन त्याने वेग घेतला, वळण घेतले आणि पुढे खरे फाटक होते. तिथे एकही रेघ नव्हती.

तो पहिल्यापासून अक्षर न अक्षर खरे बोलत होता.

हे झाकायला दोन गोष्टी लागल्या. नव्या फाटकासमोर पट्टे आणि जुन्यांवर डांबर. जुन्यांवर डांबर फासायची गरज फक्त त्यालाच कळणार, ज्याला बुधवारी पट्टे कुठे पडले ते माहीत होते. साहेब जीपमधून 'वळणाअलीकडे' पाहून गेले आणि बरोबर जागीच चालले आहे असे धरून बसले. मेट्रनला पट्टे कसे आले याच्याशी देणेघेणे नव्हते. सोमवारी भर उजेडात टोळी पट्टे मारताना सगळ्या दवाखान्याने पाहिली असणार. त्यांना फक्त गाडीवाला आत जायला हवा होता.

उरले टोळीतले दोघे, पेटी ओढणारा आणि भट्टी सांभाळणारा.

६

भट्टीकाका गोदामात भट्टीच्या आतली खरवड काढत बसले होते. बाईंच्या हातातला तुकडा पाहताच त्यांनी खरवडणी खाली ठेवली.

"मी मारले," ते म्हणाले.

"मी अजून काही विचारलं नाही, काका."

"विचारणार तेच सांगतोय. ओळंबा त्या दिवशी उशिरा आला. बसस्थानकावरच्या कामासाठी मी पाचलाच भट्टी पेटवली होती, माल तयार होता. दूधवाल्यांकडून बातमी कळली. मी गेलो आणि मारले. डांबरही मीच फासलं. लिहा तसं."

"एकट्याने?"

"हो. म्हातारा आहे म्हणून काय झालं? पेटी काय मला ओढता येत नाही?"

तिने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले. बोटे आखडून तळव्याला चिकटली होती. भट्टी पहिल्यांदा आली त्या महिन्यात माल उसळून भाजला होता. दादाने तेव्हा साहेबांपुढे उभे राहून सांगितले होते, हा माणूस टोळीत राहणार नसेल तर मीही राहणार नाही.

"काका, पट्टा संपतो तिथे पेटी उचलताना मनगट वळवावं लागतं. नाही वळवलं की मालाचं शेपूट राहतं. तुम्ही मागे एकदा गोदामाच्या दारात रेघ मारून पाहिली होती. आठवतं? दादा हसून हसून बेजार झाला होता. म्हणाला, काकांनी पट्टा नाही, उंदीर काढलाय."

काकांच्या तोंडावर हसू आले आणि तिथेच मोडले.

"फाटकासमोरच्या सातही पट्ट्यांना शेपूट नाही," ती म्हणाली. "एकालाही."

"बाई," काका म्हणाले, "घाईत होता तो. हात कापत होते त्याचे. पेटी धरण्याआधी दोनदा ओकला. पण पट्टा मारायला लागला आणि हात थांबले बघा कापायचे." त्यांनी भाजका हात मांडीखाली लपवला. "तुम्हाला चमकच विचारलीय ना? चमकतात की ते. खोटं काय त्यात?"

७

शुक्रवारी संध्याकाळी ती दादाकडे गेली. तो ओट्यावर बसून लोखंडी पेटीच्या फटीची कड कानशीने घासत होता. कड गुळगुळीत नसेल तर पट्ट्यावर ओरखडे येतात. दुसरे कुणी हे घरी आणून करत नसे.

"ये, धाकटे," तो म्हणाला. "अगं, हिला चहा टाक."

"दादा, दवाखान्याचा नकाशा दे."

कानस एकदा, दोनदा पुढे-मागे झाली. मग त्याने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. चार घड्या जशा कचेरीतून आल्या तशाच होत्या. उलगडताना घडीला चिकटलेली आतली शाई सुटून आली. हा कागद कधी उघडलाच नव्हता.

"बाबांची खूण होती तिथे," दादा हळू म्हणाला. "जुन्या फाटकासमोर. बाबांनी आखलेले पट्टे होते ते, धाकटे, मी फक्त वरून रंगवत आलो. पुसट झाले तरी काय सरळ! म्हटलं यांच्यावरच मारायचे. फाटक बंद झालंय हे डोळ्यांनी पाहिलं होतं मी. पाहिलं होतं, पण वाकल्यावर मला फक्त रेघ दिसते."

"चूक झाली होती. सांगायची."

"कुणाला सांगायची? त्या पोरीच्या आईला? बाई, मी एक कागद उघडला नाही म्हणून तुमची मुलगी गेली, असं?"

"आठवडाभर घरी बसवलं असतं तुला. फार तर बढती गेली असती."

"बढतीला घाल चुलीत!" कानस त्याने फेकली. "मला झोप आली असती का? तू सांग. आता निदान माणूस म्हणतो, गाडीवाल्याने मारली. मारलीच ना त्याने? भरधाव आला. पट्टे असते तरी थांबला नसता. असली माणसं थांबत नाहीत."

"तो थांबला होता, दादा."

"कुठे?"

"वळणाअलीकडे, तुझ्या पट्ट्यांपाशी. माणूस चालतो इतकी हळू केली त्याने गाडी. दोन्हीकडे पाहिलं. सरकारने एवढे झकास पट्टे मारलेत, म्हणाला, कुणीतरी ओलांडत असेल. कुणी नाही म्हणून पुढे वेग घेतला."

 दादाने पेटीच्या कडेवर अंगठा ठेवला आणि तो तसाच दाबत राहिला, कातडी फाटून रक्त येईपर्यंत.

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला साहेबांनी काय विचारलंय?"

"पट्टे चमकतात का."

"मग तेवढंच लिहा. एक ओळ. खोटं बोलू नका म्हणते मी, फक्त विचारलंय तेवढं लिहा. ह्यांनी तुमच्यासाठी शाळा सोडली, तेव्हा काही मागितलं होतं का? आज मी मागते. एकच ओळ, वन्सं."

तपासबाईने चहा घेतला नाही.

"उद्या अकराला तारीख आहे," ती दादाला म्हणाली. "दहापर्यंत तू स्वतः पोलिसांकडे जा. तू सांगितलंस तर माणसाने चूक कबूल केली असं होईल. मी सांगितलं तर खोटा पुरावा केला असं होईल. दहापर्यंत मी काही लिहीत नाही."

"आणि मी नाही गेलो तर?"

ती उठली. तुकडा पिशवीत घातला आणि निघाली.

शनिवारी ती सातपासून पोलीस ठाण्यासमोरच्या बाकावर बसली होती. नऊला भट्टीकाका आले, लांब उभे राहिले, निघून गेले. साडेनऊला दादा आला. धुतलेला शर्ट, अंगठ्याला चिंधी. ठाण्याच्या पायरीपर्यंत गेला. पायरीवर मेलेल्या मुलीची आई बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा आणि चपलांचा जोड घेऊन. पोलिसांनी मुलीच्या वस्तू तिच्या ताब्यात दिल्या होत्या. दादा तिच्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि चालू लागला. बहिणीजवळून गेला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी तपासबाईने लिहायला घेतले. पहिलीच ओळ होती, 'पट्टे चमकतात.' त्याखाली तिने दोन पाने भरली.

८

दूधगाडीवाला महिन्याभरात सुटला. वेगाबद्दल ठपका बसला, तेवढाच. त्याने पुन्हा गाडी धरली नाही. सासऱ्याच्या दुकानात पोती उचलू लागला. एकदा तपासबाई त्या दुकानात गेली तर तो मागच्या खोलीत जाऊन बसला. ती वाचवणारी होती, पण ओळंब्याची बहीणही होती आणि त्याला दोन्ही आठवायचे नव्हते.

मुलीची आई कोर्टाबाहेर तपासबाईला भेटली. म्हणाली, "तो सुटेपर्यंत रोज रात्री मी त्या गाडीवाल्याला शिव्या घालून झोपायचे. आता कुणाला घालू?" आणि डबा काखेत मारून ती बसथांब्याकडे चालू लागली.

मेट्रनने निवृत्तीपर्यंत तिला ओळख दाखवली नाही. झाडलोटवाल्या म्हातारीचे काम दुसऱ्याच आठवड्यात गेले, डोळ्यांनी नीट दिसत नाही या कारणाने. साहेबांना नकाशा बरोबर असल्याबद्दल शाबासकी मिळाली आणि ते वरच्या कचेरीत गेले.

नव्या फाटकासमोरचे सातही पट्टे पुरावा म्हणून उखडून नेले. तिथे पुन्हा पट्टे मारायला खात्याला अकरा महिने लागले. ते मारले बाहेरून आणलेल्या टोळीने, सातही शेपटांसकट.

भट्टीकाकांनी कोर्टातही मीच मारले म्हणून सांगितले. न्यायाधीशांनी त्यांचा हात पाहून त्यांना बसायला सांगितले. मग ते गावी भावाकडे गेले.

दादाची नोकरी गेली आणि सव्वा वर्ष आत काढावे लागले. सुटून आल्यावर तो घराबाहेर फारसा पडला नाही. पाच वर्षांनी त्याला पोटाचा आजार झाला. वहिनीने कळवले नाही. गावाहून भट्टीकाकांचे पत्र आले, त्यातून कळले.

तपासबाई गेली तेव्हा तो ओट्यावरच्या खाटेवर पडून होता, दाराकडे तोंड करून. डोळे स्वच्छ होते. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर कुणीतरी आलंय. कामाचं असेल तर उद्या यायला सांग."

वहिनी दारात आली. तिने तसेच सांगितले.

ती दुसऱ्या दिवशी गेली. त्याने तिला पाहिले आणि तेच म्हटले. तिसऱ्या दिवशीही. अशी ती सतरा दिवस रोज संध्याकाळी गेली, आणि सतरा दिवस त्याने तिला उद्या बोलावले. अठराव्या दिवशी सकाळीच वहिनीच्या भावाने निरोप आणला की आता यायची गरज नाही.